हाक कुठून आली

"...पण भंते, नाव-गाव कुठेच नसताना कुणी माणसापर्यंत पोचतं कसं?"

प्रणय गजभिये विहाराच्या पायरीवर उभा राहूनच हे विचारत होता. बूट काढायचं त्याला सुचलं नव्हतं.

भंते धम्मसार यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागे, मोहाच्या झाडाखाली येऊन टेकलेल्या बाईकडे पाहिलं. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"आधी दोघं पाणी प्या," ते म्हणाले.

विहार टेकडीवर होता. खाली जुना तलाव, तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि वर येणारा एकच डांबरी रस्ता. विहाराला लागून एक अभ्यासिका होती. गावातली मुलं तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. चीवर घेण्याआधी भंते एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकांचं नेटवर्किंग शिकवायचे, तेव्हा ते खोब्रागडे सर होते. प्रणय त्यांचा विद्यार्थी. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि ते त्याला पक्कं माहीत असलेला.

पाणी प्यायल्यावर प्रणयने सगळं सांगितलं. मध्ये मध्ये त्याचा आवाज फाटत होता.

त्या बाईचं नाव सुलभा दिघोरे. जातीनं ढिवर म्हणजे मासेमार, नदीकाठच्या गावातली. तिच्या भावाला, मारोतीला, रेती उपसणाऱ्यांनी नदीत मारलं होतं. पाहणारी एकटी तीच. तिचा जबाब झाला, आणि त्यानंतर तिला गाव सोडावं लागलं. दूरच्या मावशीकडे ती लपून राहत होती. कोर्टात उभं राहायची वेळ आता जवळ आली होती.

तिला जिवाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती जबाबाची होती. कागद बदलतात, पानं हरवतात, हे तिनं गावात पाहिलं होतं.

म्हणून प्रणय पुढे आला होता. तिच्या जबाबातल्या अक्षरांवरून काढलेला आकड्यांचा एक ठसा त्याने ब्लॉकचेनवर टाकला. ही नोंदींची एक साखळी असते, आणि तिची नक्कल जगभरच्या असंख्य यंत्रांवर ठेवलेली असते. एकावरची नोंद कुणी बदलली तरी बाकीच्यांवर ती तशीच राहते. जबाबातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर ठसा जुळत नाही. त्या ठशात सुलभाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, काहीच नव्हतं. तिच्या मोबाइलवर त्याने एक बटण करून दिलं होतं. दाबलं की फोन साखळीला विचारायचा, माझा ठसा तिथे तसाच आहे का... आणि असला की बारीक आवाज होऊन हिरवी खूण उमटायची.

साक्षीदारांना मदत करणाऱ्या आपल्या संघटनेच्या बैठकीत प्रणय सगळ्यांसमोर म्हणाला होता, ही बाई कुठे आहे ते मलासुद्धा शोधता येणार नाही.

आणि आज सकाळी मावशीच्या गावात एक जीप आली.

जीपमधल्या माणसांनी सुलभाचं नाव घेतलं नाही. किराणा दुकानात त्यांनी एवढंच विचारलं, की दादाजी मेश्रामच्या नावावर इंटरनेट आहे, ते घर कुठलं. दादाजी म्हणजे मावशीचा नवरा. दुकानदाराला काहीतरी खटकलं. त्याने त्यांना उलट्या गल्लीत धाडलं आणि मागच्या दारानं निरोप पाठवला. सुलभा होती तशी शेतातून पळाली. प्रणय मोटारसायकल घेऊन पोचला आणि तिला घेऊन थेट इथे आला. जवळच्या पोलीस ठाण्यावर दोघांचाही भरवसा नव्हता.

"साखळी फुटलेली नाही, भंते. मी सगळं तपासलं. एक अक्षर हललेलं नाही. मग हे लोक..."

भंते पायरीजवळ आले.

"ती बटण दाबते," मग ते म्हणाले, "तेव्हा तिचा फोन कुणाला विचारतो?"

"नोडला."

"कुणाच्या?"

प्रणयने हातातला पेला खाली ठेवला.

फोनमध्ये अख्खी साखळी मावत नाही. ज्या यंत्रावर ती असते, त्याला नोड म्हणतात. फोन त्या दूरच्या यंत्राला हाक मारतो, शोधायचं काम त्याच्याकडून करून घेतो आणि उत्तर परत आणतो. या धंद्यात त्याला आरपीसी म्हणतात. प्रणयला ते कुणी शिकवायची गरज नव्हती. समोर बसलेल्या माणसानेच एकेकाळी ते फळ्यावर काढून शिकवलं होतं. आणि तेव्हाच बजावलंही होतं की, जमेल त्याने स्वतःचं यंत्र ठेवावं. प्रणयला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं होतं. स्वतःचा नोड म्हणजे मोठी डिस्क, अखंड वीज आणि साखळी उतरवून घेण्यात जाणारे दिवस. फुकट नोड ढिगानं मिळत असताना ती उठाठेव कशाला, असं त्याचं म्हणणं.

हा नोड कुणाचा, असं भंतेंनी पुन्हा विचारलं.

प्रणयने अडखळत सांगितलं. नागपूरला एका कार्यक्रमात एक गृहस्थ भेटले होते. बोलायला फार गोड. साक्षीदारांसाठी काम करता, मग आमचा नोड वापरा, समाजकार्याला आम्ही पैसे घेत नाही, असं म्हणाले. त्यांचं आडनावही आता आठवत नव्हतं.

"त्या नोडनं कधी चुकीचं उत्तर दिलं?"

"कधीच नाही. कायम लगेच आणि बरोबर. म्हणून तर माझा..."

त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"हाक ऐकणाऱ्याला," भंते म्हणाले, "काय विचारलं ते कळतं. आणखी काय कळतं?"

प्रणयला उत्तर येत होतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही आलं असतं. तो पायरीवर बसला.

"हाक कुठून आली ते..."

भंतेंनी मान हलवली. कुठल्या इंटरनेट जोडणीवरून हाक आली हे त्या यंत्राला दिसतं, आणि ती जोडणी कुणाच्या नावावर आहे ते ओळखीपाळखीनं काढता येतं.

"पण नाव नव्हतं, भंते. नुसता ठसा. साखळीत असे लाखो आहेत."

"हाच ठसा पुन्हा पुन्हा कोण विचारतं?"

"कोण विचारणार? दुसऱ्या कुणाला त्याचं काय..."

त्याने मोहाच्या झाडाकडे पाहिलं. सुलभा पदरानं तळपायातला काटा काढत होती.

भंतेंनी विचारलं, ती किती वेळा विचारायची. प्रणयने सांगितलं, फार वेळा. पहाटे, भर दुपारी, जेवता जेवता. त्याच्या पडद्यावर त्याला ते दिसायचं. संघटनेतल्या लोकांना तो ते दाखवायचाही.

"इतक्यांदा का विचारायची?"

"ॲप सोपं होतं, भंते. तिला जमत होतं."

भंतेंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं.

तेवढ्यात झाडाखाली बारीक आवाज झाला. टिंग.

"ते काय वाजलं?" भंतेंनी विचारलं.

सुलभाने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती.

"हाय जी," ती म्हणाली. "हिरवं आलं."

टेकडीवर मोबाइलला रेंज नव्हती. आल्या आल्या तिने प्रणयला विचारलं होतं, इथे चालेल का हे. अभ्यासिकेच्या वायफायचा पासवर्ड त्याला पूर्वीपासून पाठ होता. त्याने सवयीनं तिचा फोन जोडून दिला होता. दुसऱ्याच विचारात होता तो.

म्हणजे आता त्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या यंत्राला या विहाराचा पत्ता कळला होता.

अभ्यासिकेत कुणीतरी मोठ्यानं इतिहासातल्या सनावळ्या घोकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

प्रणय उठला आणि झाडाकडे धावला. फोन हिसकावून तलावात फेकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भंते त्याच्या मागोमाग आले. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"हा मुका झाला की त्यांना कळेल, ती इथून निघाली. मग ते रस्त्यावर शोधतील. रस्ता एकच आहे."

"आणि नाही झाला तर?"

"तर ते इथे येतील."

प्रणयला आधी कळलं नाही. मग कळलं, की फोन इथूनच विचारत राहणार, आणि बटण दाबायला भंते मागे राहणार.

"नाही, भंते."

भंते सुलभासमोर जमिनीवर बसले आणि तिला शांतपणे सगळं समजावून सांगितलं. फोन कसा विचारतो, कोण ऐकतं, जीप तिच्या मावशीच्या दारापर्यंत कशी गेली. तिने सगळं ऐकलं. ऐकता ऐकता तिने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"म्हंजे मीच बोलावलं त्यायले?"

"तुम्ही नाही, ताई."

भंतेंनी फोनसाठी हात पुढे केला, तशी ती मागे सरकली.

"हे गेलं तं मले कसं समजंल, माजं बोलणं हाय का पुसलं?"

भंतेंनी हात मागे घेतला.

"काय पाहिलं तुम्ही, ताई?"

"लिवलं हाय त्याच्यात."

"मला सांगा."

सुलभाने तलावाकडे पाहिलं. बोलू लागली तेव्हा तिचा आवाज इतका खाली होता की प्रणयला वाकावं लागलं. जबाबाची फाइल त्याच्याकडे होती, ठसाही त्यानेच काढला होता. पण तिच्या तोंडून हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"मी घाटावर धुणं धुऊन रायली होती. मारोती डोंग्यात होता. ट्रॅक्टरवाले पाण्यात उतरले. निळ्या शर्टवाल्यानं त्याचं डोकं धरलं... पाण्याखाली. बाकीचे पाहून रायले होते. हात हालत होते माज्या भावाचे. मंग नाही हालले." ती थांबली. "मी ओरडली नाही जी. दगडामागं बसली. तेही सांगतलं मी त्यायले. तेही लिवलं हाय."

भंतेंनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"तुमचं बोलणं आहे का?" मग त्यांनी विचारलं.

सुलभाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ स्थिर होते.

"हाय," ती म्हणाली.

तिने फोन त्यांच्यासमोर मातीत ठेवला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. भंतेंनी अभ्यासिकेतल्या मुलांना घरी पाठवलं, उद्याही येऊ नका म्हणून सांगितलं. अभ्यासिकेला कुलूप लावलं. स्वतःच्या चपला सुलभाला दिल्या. त्या तिला मोठ्या होत होत्या, तिने त्या चिंधीनं बांधल्या. मोटारसायकल पायऱ्यांसमोर उभी होती तिथेच राहू दे, असं ते म्हणाले. विहाराच्या मागून एक पायवाट उतरायची आणि तलावाच्या पाळीवरून पलीकडच्या गावात जायची. तिथून कुठलीही गाडी मिळाली असती.

प्रणयने त्यांना पुढचा बेत सांगायला सुरुवात केली. भंतेंनी हात वर केला.

"मला सांगू नकोस."

"पण..."

"ते मला विचारतील. मी खोटं बोलणार नाही."

मीच इथे बसतो, तुम्ही तिला न्या, असं प्रणय म्हणाला. भंते म्हणाले, या वयात मला पाळीवरून पळता येत नाही. एवढं बोलून ते विहाराच्या दारात बसले. फोन त्यांनी मांडीजवळ ठेवला.

पाळीवर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. अर्ध्या वाटेवर सुलभा एकदम थांबली. टेकडीच्या त्या बाजूला डांबरी रस्त्यावर एक जीप वर चढत होती. दिवे लावलेले नव्हते. घाईत नव्हती. जिला माहीत आहे कुठे जायचं, अशी चालली होती.

दोघंही पाळीच्या उतारावर बेशरमीच्या झुडपांत आडवे झाले. ओल्या मातीचा वास नाकात शिरत होता. सुलभाने त्याची बाही घट्ट धरली होती.

जीप विहारासमोर थांबली. दारं उघडून बंद झाल्याचे आवाज पाण्यावरून स्पष्ट आले. मग काहीच आलं नाही.

प्रणय अर्धवट उठला. परत जायलाच हवं होतं. एकटे होते ते तिथे.

"मी एकटी जाऊ?" सुलभा म्हणाली.

तो खाली बसला.

मग दोघं वाकून, पाण्याच्या कडेकडेनं चालत राहिले. वरून एकदा काच फुटल्याचा आवाज आला. सुलभाने वळून पाहिलं नाही. प्रणयने पाहिलं. इतक्या लांबून काही दिसत नव्हतं.

काही दिवसांनी सुलभा कोर्टात उभी राहिली. निळ्या शर्टवाला समोर होता, त्या दिवशी पांढऱ्या शर्टात. त्याच्या वकिलाने तिला खोदून खोदून विचारलं, भाऊ बुडत होता तर ओरडली का नाहीस. तिने सांगितलं, भ्यायली होती म्हणून. त्यापुढे तो वकील फारसं काही विचारू शकला नाही. न्यायाधीशांनी तिला बंदोबस्तात सुरक्षित जागी ठेवायचा हुकूम दिला.

कोर्टाच्या व्हरांड्यात प्रणय विहाराचा फोन लावत होता. घंटा वाजत होती आणि आपोआप बंद होत होती. तो पुन्हा लावत होता. लोक त्याचं अभिनंदन करत होते, आणि त्याच्या बोटांना त्याच त्या आकड्यांशिवाय काही सुचत नव्हतं.

तो विहारात परतला तेव्हा अभ्यासिकेत मुलं बसली होती. कपाटाची काच गेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता. भंते भिंतीला टेकून बसले होते. डावा हात प्लास्टरमध्ये होता.

प्रणय त्यांच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठला नाही.

भंतेंनी थोडक्यातच सांगितलं. दोघं आले. बाई कुठे आहे विचारलं. मी सांगितलं, होती, गेली, कुठे ते मला माहीत नाही. त्यांनी सगळं उचकलं. त्यातल्या एकाने फोन उचलून विचारलं, ही बाई सारखं काय विचारत असते. मी त्याला सांगितलं, भावाचं मरण लिहिलेलं अजून शाबूत आहे का, ते विचारते. तो माणूस फोन खाली ठेवून बाहेर जाऊन जीपमध्ये बसला. दुसऱ्यानं जाताना मला पायरीवरून ढकललं.

"तुम्हाला भीती वाटली, भंते?"

"वाटली. अजून वाटते. रस्त्यावर गाडी वाजली की हात दुखतो."

प्रणय मान खाली घालून बसला. मग त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्यायला, आणि आपण काय केलं ते सांगू लागला. त्याने स्वतःचा नोड उभा केला होता. घरातल्याच खोलीत, स्वतःच्या यंत्रावर. अख्खी साखळी उतरवून घेतली. त्या गोड माणसाचा पत्ता सगळीकडून काढून टाकला, त्याची माहिती कोर्टालाही दिली. सुलभाला नवा फोन दिला. तिचा फोन आता फक्त प्रणयच्या यंत्राला विचारायचा, दुसऱ्या कुणालाच नाही.

सांगता सांगता त्याच्या आवाजात जुना ताठपणा थोडा परत आला होता.

"तिला सुरक्षित जागी ठेवलंय, तरी ती विचारते, भंते. काल पहाटेही विचारलं. त्याआधीही. दर वेळी उत्तर बरोबर गेलं. आणि आता मध्ये ऐकणारं कुणी नाही."

भंतेंनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मग ती काय विचारते ते तू ऐक," ते म्हणाले.